खरेदीचा इंडेंट कागदावरून फॉर्मवर नेताना: कोडिंगशिवाय मंजुरीची साखळी कशी उभी करायची

"मी फॉर्म भरला होता, पण पर्चेसला काही मिळालंच नाही." कारखान्यातला रोजचा इंडेंट (म्हणजे विभागाची खरेदीसाठीची लेखी मागणी) कागदी वहीवरून मायक्रोसॉफ्ट फॉर्म्सवर नेला की पहिल्या महिन्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग सगळे फॉर्मला दोष देतात आणि वही पुन्हा बाहेर निघते. फॉर्मचा दोष बहुतेक वेळा नसतोच. कामाचा क्रम चुकलेला असतो. उत्साहाने आधी फॉर्म बनतो, मग तो कुठे जायचा याचा विचार होतो, आणि विभागप्रमुखाने उत्तरच दिलं नाही तर काय, हे कोणी ठरवलेलंच नसतं.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. फॉर्म चौथ्या टप्प्यावर येतो. तोवर धीर धरा.

इथे वापरलेली साधनं: मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स, मायक्रोसॉफ्ट लिस्ट्स (म्हणजे शेअरपॉइंटवरची यादी), पॉवर ऑटोमेट (यात आपोआप चालणाऱ्या कामांची साखळी बनते, तिला 'फ्लो' म्हणतात), आउटलुक आणि टीम्समधलं अप्रूव्हल्स. कंपनीकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ चा बिझनेस प्लॅन असेल तर या कामासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. पॉवर ऑटोमेटमध्ये एखाद्या जोडणीपुढे (दुसऱ्या सेवेशी जोडणाऱ्या दुव्यापुढे) 'प्रीमियम' असं दिसलं तर तिथेच थांबा, तिचा परवाना वेगळा लागतो. या लेखातली एकही जोडणी प्रीमियम नाही.

## टप्पा १: संगणक बंद ठेवा, जुने इंडेंट समोर घ्या

स्टोअरमधून मागच्या दोन महिन्यांतले वीस-पंचवीस खरे इंडेंट मागून घ्या. छापील नमुना नको, भरलेले, खाडाखोड केलेले, कोपऱ्यात शेरा मारलेले हवेत. प्रत्येकावर तीन गोष्टी शोधा: कोणत्या रकान्यात लोक खरंच लिहितात, कोणता कायम कोरा राहतो, आणि नमुन्यात नसलेलं काय काय समासात लिहिलेलं आहे. समासातलं सगळ्यांत मोलाचं. "अर्जंट, लाइन बंद", "मागच्या वेळच्याच मेकचं", "साहेबांशी फोनवर बोलणं झालं" असे शेरे तुमच्या नव्या फॉर्ममधले खरे प्रश्न सांगतात.

मग एका मोठ्या कागदावर इंडेंटचा प्रवास काढा. मागणी कोण करतो, स्टोअर साठा कधी पाहतं, विभागप्रमुख कोणत्या रकमेपर्यंत सही करतो, त्यापुढे प्लांट हेडकडे कधी जातो, पर्चेस पीओ (पुरवठादाराला द्यायची खरेदीची ऑर्डर) कधी काढतं. प्रत्येक बाणावर पुढचे चार प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका:

- हा माणूस रजेवर असेल तर सही कोणाची?
- त्याने नकार दिला तर कोणाला कळवायचं?
- माहिती अपुरी असेल तर इंडेंट परत कसा पाठवायचा?
- तो काहीच बोलला नाही तर किती दिवस वाट पाहायची?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी "तसं होत नाही" असं मिळतं. तसं होतं. कागदावर असताना स्टोअरचा माणूस चहाच्या वेळी केबिनमध्ये डोकावून सही घेत होता, म्हणून ते दिसत नव्हतं. फ्लो डोकावत नाही.

ब्रेकडाऊनचा रस्ता वेगळा काढा. रात्री दोन वाजता बेअरिंग गेलं आणि मशीन उभं राहिलं, तर सकाळी दहापर्यंत कोणी मंजुरीची वाट पाहणार नाही आणि पाहूही नये. अशा वेळी खरेदी आधी आणि मंजुरी मागाहून, हे साहेबांकडून लेखी घ्या. हा रस्ता दिला नाही तर लोक स्वतःच पळवाट शोधतात: प्रत्येक इंडेंट फोनवर मंजूर करून घेतात आणि फॉर्म नंतर कधीतरी भरतात.

तपासणी: हा कागद स्टोअर, पर्चेस आणि एका विभागप्रमुखाला वेगवेगळा दाखवा. तिघांनी सांगितलेला क्रम जुळला नाही तर तुमची चूक झालेली नाही, मतभेद आधीपासूनच होता. तो आत्ता मिटवा. फ्लोमध्ये गेल्यावर तो मिटत नाही.

## टप्पा २: हे सगळं कोणाच्या खात्यावर चालणार

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळे तो गाळतात. मीही एकदा गाळला आहे. एका कारखान्यात अख्खी साखळी स्टोअरमधल्या एका हुशार मुलाच्या लॉगिनवर उभी केली. आठ महिन्यांनी त्याने नोकरी बदलली, आयटीने नेहमीप्रमाणे त्याचं खातं बंद केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही इंडेंट पुढे सरकला नाही. काय बिघडलं हे कळायलाच दोन दिवस गेले, कारण भरणाऱ्याला "तुमचा प्रतिसाद नोंदवला आहे" हा संदेश नेहमीसारखाच दिसत होता.

पॉवर ऑटोमेटमधला फ्लो बनवणाऱ्याच्या जोडण्या वापरतो. सह-मालक जोडला म्हणून त्या जोडण्या त्याच्या नावावर जात नाहीत. म्हणून:

१. या कामासाठी एक स्वतंत्र खातं काढा आणि त्याला परवाना द्या. त्याचा पासवर्ड आयटीकडे राहू द्या.
२. फॉर्म कोणा एकाच्या नावाखाली न बनवता मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपच्या नावाखाली बनवा, आणि हे खातं त्या ग्रुपचं सभासद करा. अपलोड झालेले फोटोही मग ग्रुपच्या साइटवर जातात. वैयक्तिक फॉर्मचे फोटो बनवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये जातात.
३. फ्लो त्या स्वतंत्र खात्याने बनवा आणि किमान दोन माणसांना सह-मालक करा.
४. ईमेल जाण्यासाठी शेअर्ड मेलबॉक्स (अनेकांना उघडता येणारी एकच ईमेल पेटी) ठेवा. लोक त्या ईमेलला उत्तर देतात आणि ते उत्तर कोणीतरी वाचलं पाहिजे.

## टप्पा ३: आधी यादी

फॉर्मची उत्तरं सरळ एक्सेलमध्ये साठवायचा मोह होतो. इंडेंटसाठी तो टाळा. एक्सेलमध्ये फ्लोला लिहायचं असेल तर माहिती 'टेबल' म्हणून बांधलेली लागते, कोणी ती फाइल उघडून ठेवली की लिहिणं अडकू शकतं, आणि एक रांग चुकून पुसली गेली तर ती कोणी पुसली हे शोधणं कठीण जातं. लिस्टमध्ये प्रत्येक नोंदीला आपोआप क्रमांक मिळतो, एखादी नोंद काढून टाकली तरी तो क्रमांक दुसऱ्याला दिला जात नाही, आणि नोंदीचा इतिहास राहतो. हाच क्रमांक तुमचा इंडेंट नंबर. वेगळा नंबर बनवायच्या भानगडीत पडू नका.

दोन याद्या लागतात.

पहिली, इंडेंट. रकाने: वस्तूचं वर्णन, नग, एकक, अंदाजे रक्कम, विभाग, मशीन नंबर, हवी ती तारीख, ब्रेकडाऊन आहे का, मागणी करणारा, फॉर्म भरल्याची वेळ, फोटोचा दुवा, स्थिती, मंजुरी देणाऱ्याचा शेरा. स्थितीसाठी मोजके शब्द ठरवा: नवीन, मंजुरीसाठी, मंजूर, नामंजूर, परत, पीओ काढला, माल आला. यापेक्षा जास्त नकोत. "तपासणीत" आणि "विचाराधीन" यांतला फरक तीन महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी, विभाग. रकाने: विभागाचं नाव, विभागप्रमुखाचा ईमेल, पर्यायी अधिकाऱ्याचा ईमेल, मंजुरीची मर्यादा. पुष्कळजण हे ईमेल थेट फ्लोमध्ये लिहितात. मग बदली झाली की फ्लो उघडावा लागतो. यादीत ठेवलेत तर एचआरमधली कोणीही व्यक्ती एक रकाना बदलून काम भागवू शकते.

इशारा, रकान्यांच्या नावांबद्दल: रकाना तयार करताना त्याचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत द्या आणि नंतर दिसणारं नाव मराठीत बदला. शेअरपॉइंट प्रत्येक रकान्याला एक आतलं नाव देतं, ते पहिल्यांदा लिहिलेल्या नावावरून पडतं आणि पुढे बदलत नाही. सुरुवातच देवनागरीत केली तर प्रत्येक अक्षराचा लांबलचक सांकेतिक आकडा होतो, नाव मध्येच कापलं जातं, आणि पुढे फिल्टर लिहिताना कोणता रकाना कोणता हे ओळखता येत नाही.

इशारा, शुद्धलेखनाबद्दल: फॉर्ममधल्या पर्यायात "मेन्टेनन्स" आणि यादीत "मेंटेनन्स" असेल तर वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच, संगणकासाठी दोन वेगळे विभाग. 'ॲसेम्ब्ली'मधला 'ॲ' तर कीबोर्डनुसार दोन प्रकारे टाइप होतो आणि डोळ्यांना फरक दिसतही नाही. यादीतून नाव कॉपी करा आणि फॉर्ममध्ये चिकटवा. हाताने पुन्हा टाइप करू नका.

यादीवर लिहिण्याचा हक्क मागणी करणाऱ्यांना देऊ नका. नोंद फ्लो स्वतःच्या खात्याने करतो, त्यांना फक्त पाहता आलं तरी पुरे. नाहीतर एखाद्या दिवशी कोणीतरी स्वतःच्याच इंडेंटपुढे 'मंजूर' निवडेल, आणि त्याला ते चुकीचं आहे असं वाटणारही नाही.

## टप्पा ४: आता फॉर्म

पहिला निर्णय: कोण भरणार? शॉप फ्लोअरवरच्या सगळ्यांकडे कंपनीचं मायक्रोसॉफ्ट खातं नसतं. फॉर्म "फक्त संस्थेतल्या लोकांसाठी" ठेवला तर भरणाऱ्याचं नाव आपोआप मिळतं आणि फोटो अपलोड करता येतो, पण ऑपरेटरला भरता येत नाही. "दुवा असलेल्या कोणालाही" खुला केला तर नावही मिळत नाही आणि फाइल अपलोडचा प्रश्नही ठेवता येत नाही. माझं मत: सुपरवायझरपर्यंत खाती असतील तर फॉर्म संस्थेपुरताच ठेवा आणि इंडेंट सुपरवायझरने भरावा. लाइनवर एकच टॅबलेट असेल तर भरणारा म्हणून त्या टॅबलेटच्या लॉगिनचं नाव पडेल, म्हणून नाव आणि टोकन नंबर हे दोन प्रश्न वेगळे विचारा.

प्रश्नांबाबत हे पाळा:

- विभाग, एकक, ब्रेकडाऊन यांना निवडीचे पर्याय द्या आणि "इतर" हा पर्याय बंद ठेवा. "इतर" दिलं की नग, नंग, पीस, पी.सी. सगळं येतं.
- अंदाजे रक्कम या प्रश्नाला 'नंबर'चं बंधन घाला आणि खाली लिहा: "फक्त आकडा इंग्रजीत लिहावा. स्वल्पविराम, रु. किंवा /- नको."
- रक्कम, नग आणि हवी ती तारीख हे प्रश्न सक्तीचे करा. कोरं उत्तर आकड्याच्या किंवा तारखेच्या रकान्यात जाऊ लागलं की फ्लो तिथेच लाल होतो, म्हणजे अडून बंद पडतो.
- एका फॉर्ममध्ये एकच वस्तू. "वस्तू १, वस्तू २, वस्तू ३" असे रकाने करू नका. तीनपैकी दोन मंजूर आणि एक नामंजूर झाली की सगळी साखळी गुंतते.
- मशीन नंबर फक्त ब्रेकडाऊन असेल तेव्हा दिसावा. यासाठी फॉर्म्समधलं ब्रँचिंग (उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलणं) वापरा, पण तेवढ्यापुरतंच. सात-आठ फाटे असलेला फॉर्म सहा महिन्यांनी बनवणाऱ्यालाही उलगडत नाही.
- जुना इंडेंट नंबर हा ऐच्छिक प्रश्न ठेवा. इंडेंट परत आला तर दुरुस्त माहिती नव्या फॉर्ममध्ये भरायची आणि इथे जुना नंबर द्यायचा.

तपासणी: फॉर्म फोनवर उघडा, तोही पातळ हातमोजे घालून. हसू नका, टूल रूममध्ये तो तसाच भरला जाणार आहे. दोन मिनिटांत पूर्ण होत नसेल तर प्रश्न कमी करा.

## टप्पा ५: फ्लो, याच क्रमाने

पहिला फ्लो बनवताना प्रत्येक पायरी जोडल्या जोडल्या तिला स्वतःचं नाव द्या: "इंडेंट नोंदवा", "प्रमुखाची मंजुरी". 'कंडिशन २' आणि 'अप्लाय टू ईच ३' अशी नावं राहिली तर बिघाड शोधताना डोळे दुखतात. नाव नंतर बदललं तर जुनी सूत्रं तुटू शकतात, म्हणून आत्ताच.

५.१ सुरुवात. ट्रिगर (म्हणजे फ्लो सुरू करणारी घटना) 'व्हेन अ न्यू रिस्पॉन्स इज सबमिटेड'. ग्रुपचा फॉर्म इथल्या यादीत सहसा दिसत नाही आणि लोक इथेच अडकतात. फॉर्म ब्राउझरमध्ये उघडा, पत्त्यात आयडी या शब्दानंतर बरोबरचं चिन्ह आहे, त्यापुढचा लांब मजकूर कॉपी करा आणि 'कस्टम व्हॅल्यू' म्हणून इथे चिकटवा.

५.२ उत्तरं मिळवा. ट्रिगरमध्ये फक्त प्रतिसादाचा क्रमांक येतो, उत्तरं येत नाहीत. पुढची पायरी 'गेट रिस्पॉन्स डिटेल्स', तोच फॉर्म आणि तो क्रमांक. ही पायरी सुटली तर पुढे कुठेच प्रश्न दिसणार नाहीत.

५.३ वेळ बदला. प्रतिसादाची वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्रपाळीने ५ तारखेला पहाटे ४ ला भरलेला इंडेंट ४ तारखेचा रात्री साडेदहाचा दिसतो. ज्या कारखान्यात तीन पाळ्या आहेत तिथे यावरून खरोखर भांडणं होतात. 'कन्व्हर्ट टाइम झोन' ही पायरी घालून चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेला टाइम झोन निवडा.

५.४ लगेच नोंद करा. 'क्रिएट आयटम'ने इंडेंट यादीत नोंद, स्थिती 'नवीन'. पुष्कळ फ्लोंमध्ये ही पायरी मंजुरीनंतर असते, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महागडी चूक आहे. मंजुरीच्या पायरीवर काहीही बिघडलं तर त्या मागणीचा मागमूस यादीत उरत नाही. आधी नोंद झाली तर निदान कोणीतरी यादी पाहून म्हणेल, की हा इंडेंट तीन दिवस 'नवीन'च का आहे? नोंद झाली की मागणी करणाऱ्याला नंबरसह ईमेल: "आपला इंडेंट क्र. अमुक नोंदवला आहे. मंजुरी बाकी आहे." शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर लोक नोंदीलाच मंजुरी समजतात.

फोटोचं उत्तर नुसता दुवा म्हणून येत नाही. नाव, दुवा आणि आयडी असा एकत्र मजकूर येतो. 'पार्स जेसन' या पायरीने तो फोडून त्यातला दुवा घ्यावा लागतो. फोटो ऐच्छिक असेल तर आधी "उत्तर रिकामं आहे का" ही अट घाला, कारण रिकामा मजकूर फोडायला गेलं की फ्लो तुटतो. एकापेक्षा जास्त पर्याय निवडायचा प्रश्न ठेवला असेल तर त्याचीही उत्तरं अशीच चौकटी कंसात बांधून येतात.

५.५ प्रमुख शोधा. 'गेट आयटम्स'ने विभाग यादीतून त्या विभागाची रांग आणा. इथला सापळा नीट समजून घ्या. ही पायरी नेहमी एक संच परत देते, एकच रांग असली तरी. त्या संचावर फ्लो स्वतःहून 'अप्लाय टू ईच'चा फेरा बसवतो. आता विभागाच्या नावात एका अनुस्वाराचा फरक असेल तर संच रिकामा येतो, फेरा शून्य वेळा फिरतो, आणि फ्लो यशस्वी म्हणून हिरवी खूण दाखवतो. मंजुरी कोणालाच गेलेली नसते. लेखाच्या सुरुवातीचं वाक्य बहुधा इथूनच जन्माला येतं. म्हणून लगेच पुढे अट घाला: संचाची लांबी शून्य असेल तर शेअर्ड मेलबॉक्सला ईमेल, "इंडेंट क्र. अमुक: विभागप्रमुख सापडला नाही".

५.६ स्वतःचाच इंडेंट. मागणी करणारा आणि मंजुरी देणारा एकच असेल तर? अप्रूव्हल्स ते आपणहून अडवत नाही. दोन ईमेल सारखे असतील तर मंजुरी पर्यायी अधिकाऱ्याकडे वळवा.

५.७ मंजुरी. स्थिती 'मंजुरीसाठी' करा आणि मग 'स्टार्ट अँड वेट फॉर ॲन अप्रूव्हल'. नुसतं मंजूर-नामंजूर निवडण्यापेक्षा 'कस्टम रिस्पॉन्सेस' घ्या आणि तीन बटणं द्या: मंजूर, नामंजूर, परत पाठवा. "परत" नसेल तर प्रमुख अपुऱ्या इंडेंटला नामंजूर करतो आणि मागणाऱ्याच्या मनात कटुता येते. एकाच पायरीत दोन-तीन जणांना पाठवत असाल तर "पहिला जो उत्तर देईल" की "सगळ्यांनी द्यायला हवं" हे पाहून निवडा. सगळ्यांचा प्रकार घेऊन त्यांचे शेरे ईमेलमध्ये टाकले तर पुन्हा 'अप्लाय टू ईच' बसतो आणि मागणाऱ्याला तीन ईमेल जातात.

मंजुरीच्या मजकुरात वस्तू, नग, रक्कम, कारण आणि फोटोचा दुवा सगळं लिहा. प्रमुख बसमध्ये फोनवर वाचतोय असं समजून लिहा. त्याला यादी उघडावी लागली तर तो "नंतर बघू" म्हणेल.

ब्रेकडाऊन असेल तर मंजुरीची वाट न पाहता पर्चेस आणि प्रमुख दोघांना टीम्सवर संदेश जाऊ द्या, आणि मंजुरीची पायरी त्यानंतर ठेवा.

५.८ रक्कम. समजा १०,००० रुपयांवरचे इंडेंट प्लांट हेडकडे जायचे आहेत. फॉर्म्समधून आकडासुद्धा मजकूर म्हणूनच येतो. तो तसाच आकड्याशी ताडला तर फ्लो चूक दाखवतो, आणि दोन्ही बाजू मजकूर असतील तर अक्षरांच्या क्रमाने तुलना होऊन ९,००० ही रक्कम १०,००० पेक्षा मोठी ठरते. 'फ्लोट' हे फंक्शन लावून मजकुराचा आकडा करा. 'इंट' नको, १२५०.५० आलं की ते अडखळतं. आणि "दहा हजारांवर" म्हणजे बरोबर दहा हजार आत की बाहेर, हे टप्पा १ च्या कागदावर पाहून घ्या.

५.९ निकाल. 'स्विच' वापरून तिन्ही उत्तरांचे रस्ते वेगळे करा. प्रत्येक रस्त्यात दोन कामं, याच क्रमाने: आधी 'अपडेट आयटम'ने स्थिती आणि शेरा, मग ईमेल. स्विचमध्ये 'डिफॉल्ट'चा (तिन्हींपैकी कोणतंच उत्तर जुळलं नाही तर घ्यायचा) रस्ता रिकामा ठेवू नका, तिथेही शेअर्ड मेलबॉक्सला सूचना द्या.

इशारा: पीओ काढल्यावर मागणाऱ्याला कळवण्यासाठी पुढे कधीतरी तुम्ही "नोंद बदलली की" या ट्रिगरचा दुसरा फ्लो बनवाल. त्याच फ्लोमधून तीच नोंद पुन्हा बदललीत तर तो स्वतःलाच सुरू करत राहतो. ट्रिगरच्या सेटिंगमध्ये अट घाला, की स्थिती 'पीओ काढला' असेल तेव्हाच सुरू हो, आणि त्या फ्लोमधून ती नोंद बदलूच नका.

## टप्पा ६: उत्तर आलंच नाही तर

फ्लोची एक फेरी जास्तीत जास्त ३० दिवस जिवंत राहते. त्याआधी कोणी उत्तर दिलं नाही तर ती संपते आणि यादीत स्थिती 'मंजुरीसाठी'च राहते.

मंजुरीच्या पायरीच्या सेटिंगमध्ये टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची ते, ठरवा. दोन दिवसांसाठी तिथे इंग्रजी मोठी पी, मग 2, मग मोठी डी असं सलग लिहायचं असतं. मग पुढे एक वेगळी पायरी जोडा आणि तिच्या 'कॉन्फिगर रन आफ्टर'मध्ये फक्त "वेळ संपली" हा पर्याय ठेवा. तिथून मंजुरी पर्यायी अधिकाऱ्याकडे जाते.

आठवणीसाठी स्वतंत्र छोटा फ्लो बनवा. सकाळी नऊ वाजता तो 'मंजुरीसाठी' असलेल्या नोंदी गोळा करून प्रत्येक प्रमुखाला एकच ईमेल पाठवतो. दोन गोष्टी सांभाळा. 'रिकरन्स'मध्ये (ठरलेल्या वेळी फ्लो सुरू करणाऱ्या ट्रिगरमध्ये) टाइम झोन निवडा, नाहीतर नऊची आठवण दुपारी अडीचला येईल. आणि वारंवारता 'आठवडा' ठेवून वार निवडा. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नव्हे. सुट्टीच्या दिवशी आलेली आठवण लोक पुसून टाकतात आणि हळूहळू सगळ्याच आठवणी पुसायला लागतात.

'गेट आयटम्स' सहसा पहिल्या १०० नोंदीच आणतं. फिल्टर लावूनच मागवा, आणि गरज पडली तर सेटिंगमधून मर्यादा वाढवा.

## टप्पा ७: मुद्दाम चुका करून तपासा

एक साधा इंडेंट भरला, मंजूर झाला, म्हणजे तपासणी झाली असं होत नाही. हे सगळे प्रकार प्रत्यक्ष भरून पाहा आणि प्रत्येकापुढे काय झालं ते लिहा:

- रक्कम ९,९९९, मग १०,०००, मग १०,००१, मग पैशांसह.
- फोनचा कीबोर्ड मराठीवर ठेवून देवनागरी आकड्यांत रक्कम.
- फोटो नाही, एक फोटो, दोन फोटो.
- विभाग यादीतून एक विभाग तात्पुरता काढून त्याच विभागाचा इंडेंट.
- विभागप्रमुखाचा स्वतःचा इंडेंट.
- एकाच मिनिटात दोघांनी भरलेले दोन इंडेंट.
- मध्यरात्रीनंतर भरलेला इंडेंट, तारखेसाठी.
- टाइमआउट दहा मिनिटांचा करून कोणीही उत्तर न देणं. झाल्यावर तो परत दोन दिवसांवर आणायला विसरू नका.

बिघाड झाला की फ्लोचा 'रन हिस्टरी' उघडा. प्रत्येक पायरीत काय आत गेलं आणि काय बाहेर आलं ते तिथे दिसतं. लाल पायरीच्या आधीच्या पायरीपासून पाहा, चूक बहुधा तिथून आलेली असते. हा इतिहास २८ दिवसच राहतो, म्हणून तक्रार आली की त्याच आठवड्यात पाहा.

## टप्पा ८: वही बंद करण्याचा दिवस

सगळ्या विभागांत एकदम सुरू करू नका. रोज पाच-सहा इंडेंट करणारा एकच विभाग घ्या, दोन आठवडे. या दोन आठवड्यांत त्या विभागाची वही स्टोअरने कपाटात ठेवावी. कागद आणि फॉर्म दोन्ही चालू ठेवले की प्रत्येकजण जे सोपं वाटेल ते करतो आणि इंडेंट दुप्पट होतात. ज्यांची कागदावर अर्धी मंजुरी झाली आहे ते कागदावरच संपवा, फॉर्ममध्ये पुन्हा भरायला लावू नका.

फॉर्म्स क्यूआर कोड देतं. तो छापून, लॅमिनेट करून स्टोअरच्या खिडकीवर आणि टूल रूममध्ये लावा. खाली एका माणसाचं नाव आणि एक्स्टेंशन लिहा, अडलं तर फोन करायला.

## टप्पा ९: चालू झाल्यावर

महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं: 'नवीन' स्थितीत अडकलेले इंडेंट किती, फ्लोच्या अपयशी फेऱ्या किती, विभाग यादीतले ईमेल बरोबर आहेत का. स्वतंत्र खात्याचा पासवर्ड बदलला असेल तर फ्लोच्या जोडण्या उघडून पुन्हा जोडा.

फॉर्ममधल्या प्रश्नाचे शब्द बदलायला हरकत नाही. पण प्रश्न पुसून तसाच दुसरा बनवू नका. प्रत्येक प्रश्नाला आतून स्वतःची ओळख असते, आणि नवा प्रश्न दिसायला तोच असला तरी फ्लो त्याला ओळखत नाही. विभागाचा नवा पर्याय वाढवायचा असेल तर आधी विभाग यादीत, मग फॉर्ममध्ये.

फ्लोमध्ये बदल करायचा असेल तर आधी 'सेव्ह ॲज'ने प्रत काढा आणि बदल प्रतीत करा. नवी प्रत बंद अवस्थेत तयार होते. तपासून ती चालू कराल त्याच वेळी जुना फ्लो बंद करा, नाहीतर दोन्ही फ्लो एकाच इंडेंटची दोनदा नोंद करतील आणि प्रमुखाच्या फोनवर एकाच बेअरिंगच्या दोन मंजुऱ्या येतील.